चौऱ्याऐंशीवी चूक

"काका, तुम्ही स्वतः कधी काही बनवलंय का?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न सानिया आणि पूर्वाचा होता. मी हे विचारून दाखवते का, अशी भडंगाच्या एका मोठ्या पाकिटावर पैज लागली होती. त्या दोघी शेवटच्या रांगेत एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून बसल्या होत्या आणि मी पुढे, प्रोजेक्टरच्या वायरीत पाय अडकवून उभी. तेव्हा मी आठवीत होते. आपण हात वर केला की माणसं वळून बघतात हे मला त्याच वर्षी कळलं होतं, आणि कळल्यापासून माझा हात काही खाली यायला तयार नव्हता.

मगदूम काका खुर्च्या लावत होते. ते नेहमी खुर्च्याच लावत असायचे, म्हणून तर पैज लागली.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, सांगलीत वखारभागातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचा वेब कट्टा भरायचा. फी नाही, अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत. वेबसाइट बनवणारे, बनवू पाहणारे आणि बनवता बनवता रडकुंडीला आलेले असे चाळीसेक लोक यायचे. कुपवाडला कंपनीत असलेला रणजीत दादा सूत्रसंचालन करायचा. पॉलिटेक्निकची मुलं घोळक्यानं यायची. तासगावहून जमदाडे यायचे, ते बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या साइट करायचे आणि प्रत्येक प्रश्नाची सुरुवात "माझं जरा अडाण्यासारखं आहे" अशी करून सगळ्यांना घाम फोडायचे. मी तिथे पोचले ती बाबांमुळे. बाबांचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्यांना दुकानाची साइट करायची होती, म्हणून ते मला घेऊन गेले. ते दोनदा आले आणि मी कायमची राहिले. सानिया आणि पूर्वा माझ्याबरोबर यायच्या त्या चहासोबतच्या बिस्किटांसाठी. हे त्या स्वतःच सांगायच्या.

आणि मगदूम काका. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. हॉलची किल्ली त्यांच्याकडे, प्रोजेक्टर त्यांच्या पिशवीत, वीज गेली तर वाचनालयाच्या शिपायाला शोधून आणायचे तेच. कट्टा त्यांनीच सुरू केला होता म्हणे, पण मी त्यांना कधी पुढे उभं राहून काही दाखवताना बघितलं नव्हतं. आमचा अंदाज असा होता की त्यांना कोड येतच नसणार.

माझा प्रश्न ऐकून त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली, मागच्या रांगेकडे बघितलं आणि हसले.

"बनवलंय की एक."

"काय?"

"बारकं आहे गं. माणसांना दाखवण्याजोगं नाही."

माझं काम तिथे संपलं होतं, भडंग मी जिंकलं होतं. पण मी कसली थांबतेय. मी म्हणाले, मग पुढच्या महिन्यात तुमचंच ठेवू या. रणजीत दादानं ते ऐकलं आणि लगेच माइकवर जाहीर करून टाकलं की पुढच्या वेळी मगदूम काका बोलणार. हॉलमध्ये एवढ्या टाळ्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या. काका नको नको म्हणत राहिले, पण त्यांचे कान लाल झाले होते आणि राहिलेल्या खुर्च्या त्यांनी जरा वाकड्याच लावल्या.

मग वही झाली. वही म्हणजे आमच्या कट्ट्याची रीत. भाषण कुणाचंही असो, त्याआधी पाच मिनिटं वहीची. काका एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही उघडायचे आणि विचारायचे, "आज वहीवर कोण?" मग कुणीतरी उठून गेल्या महिन्यातली आपली चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, स्वतःची. काय केलं, कुणाचं नुकसान झालं, कसं निस्तरलं. कुणी हसायचं नाही, कुणी बाहेर जाऊन सांगायचं नाही. काका आकडा घालून ती वहीत उतरवायचे. एकानं गिऱ्हाइकाच्या साइटवरची सगळी नावं एका बटणात पुसली होती. रणजीत दादानं एकदा आपला पासवर्ड सगळ्या जगाला दिसेल असा ठेवून दिला होता आणि त्याला दोन दिवस पत्ता नव्हता. लॉकडाऊनचं वर्ष सोडलं तर वही कधी चुकली नव्हती. नवीन माणसं आधी बिचकायची. पण वहीवर जाऊन आलेला माणूस खुर्चीत येऊन बसला की सैल बसायचा, हे मी बघितलं होतं.

त्याच संध्याकाळी रणजीत दादा म्हणाला की कट्ट्याची साइट फार जुनाट दिसते, कुणीतरी नवी करायला घ्या. ती काकांच्या ताब्यातली, पिवळी पाटी आणि निळी अक्षरं असलेली, बघितल्यावर बँकेचं पासबुक आठवावं अशी. माझा हात वर होताच.

काकांनी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून, घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "आत बरंच जुनं सामान आहे. काढायच्या आधी एकदा मला विचार."

मी हो म्हणाले. मी तेव्हा सगळ्याला हो म्हणायचे.

पुढचा आठवडाभर शाळेतून आल्यावर दप्तर फेकून मी तेवढंच केलं. नवे रंग, नवे फोटो, वर सरकत जाणारी चित्रं. आई जेवायला हाका मारून थकायची. नवीन साइट झाली तेव्हा मी आत साफसफाईला घेतली. साठेक फाइली होत्या, कसल्याही नावांच्या. मी एक युक्ती काढली. ज्या फाइलला साइटवरचं कुठलंच पान हाक मारत नाही, म्हणजे वापरत नाही, ती अडगळ. अशा एकवीस निघाल्या. त्यांत एक होती, 'एम-दोन' नावाची. मी त्या उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत. सगळं जुनं एकत्र बांधून माझ्या कॉम्प्युटरवर एका कोपऱ्यात ठेवलं, आणि तिकडून पुसून टाकलं. काकांना फोन करावा असं एकदा मनात आलं. पण मग ते म्हणाले असते, थांब, मी येतो बघायला. आणि ती साइट कुणाच्याही मदतीशिवाय केली असं मला शनिवारी सांगायचं होतं. कट्ट्याच्या नावाची ईमेलची टपालपेटीही मी माझ्या फोनवर वळवून घेतली. मालकीणच झाले होते मी.

आता मेसेजचं सांगायला हवं. कट्ट्याचा व्हॉट्सॅप ग्रुप पूर्वी होता म्हणे, पण निवडणुकीत दोघांची त्यावर जुंपली आणि काकांनी तो बंद करून टाकला. त्याऐवजी सभेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी सहाला प्रत्येकाला साधा मेसेज यायचा. प्रत्येकाचा वेगळा. जमदाडेंना, 'उद्या पाच वाजता. मागच्या वेळचा तुमचा प्रश्न अर्धा राहिलाय.' मला एकदा आला होता, 'उद्या पाच वाजता. परीक्षा संपली ना? ये मग.' महिनाभरात माणसं तारीख विसरायची, पण तो मेसेज आला की उठून यायची. काका फोन घेऊन बसतात आणि एकेकाला टाइप करतात, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तो शनिवार आला. मी साडेचारलाच पोचले, सानिया आणि पूर्वाला घेऊन. नवी साइट दाखवायची म्हणून मी बाबांच्या दुकानातून छोटा फ्लेक्ससुद्धा करून आणला होता. वर जाऊन बघतो तर काका आधीच आलेले. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. पहिल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या, मोरपंखी साडी, मांडीवर स्टीलचा मोठा डबा. पायाशी आणखी एक पिशवी.

"ह्या आमच्या मंडळी," काका म्हणाले. "आठ वर्षांत पहिल्यांदा आल्यात."

काकू हसून म्हणाल्या की काल दिवसभर जयसिंगपूरला साखरपुडा होता, तिथला तो बँडबाजा, कुणाचं कुणाला ऐकू येईना. आज सकाळी उठून चाळीस जणांचं भडंग केलं. ह्यांचं भाषण आहे म्हटल्यावर हात हलवत कसं यायचं.

पावणेपाच झाले. पाच झाले. तासगावचे जमदाडे आले, ते डायरीत लिहून ठेवतात म्हणून. पॉलिटेक्निकचा एक मुलगा आला, तो खाली वाचनालयात पुस्तक बदलायला आला होता आणि सहज वर डोकावला. रणजीत दादा त्या दिवशी लग्नाला पुण्याला होता. पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी हॉलमध्ये आम्ही सात जण आणि चाळीस खुर्च्या. काकू दर दोन मिनिटांनी दाराकडे बघायच्या आणि डब्यावरचं फडकं नीट करायच्या.

"तुला काल मेसेज आला होता का गं?" सानिया माझ्या कानात म्हणाली. "मला नाही आला."

मला तेव्हा आठवलं. शुक्रवारी सहा वाजता कट्ट्याच्या टपालपेटीत एक इंग्रजी मेल आली होती आणि मी क्लासच्या जिन्यात ती न वाचताच बाजूला सारली होती. मी खिडकीपाशी गेले आणि फोन उघडला. एकच ओळ होती. ठरलेल्या वेळी चालवायची फाइल सापडली नाही. फाइलचं नाव, एम-दोन.

एम म्हणजे महिना, दोन म्हणजे दुसरा शनिवार.

काका एकेकाला टाइप करत नव्हतेच. ती फाइल करत होती. कुठलंच पान तिला हाक मारत नव्हतं, कारण तिला घड्याळ हाक मारत होतं. आणि मी ती पुसली होती.

मागे वळून बघितलं तर काका टेबलापाशी उभे होते. चष्मा कपाळावर चढवून स्वतःचा फोन डोळ्यांजवळ धरून अंगठ्यानं काहीतरी वर-खाली करत होते. बराच वेळ. मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"केतकी, काल तुला मेसेज आला का गं?"

सानियानं तोंड उघडलं होतं. मी तिच्या पायावर पाय दिला.

"आला की, काका."

मी असं का म्हणाले, ते दोन वर्षं स्वतःला वेगवेगळ्या शब्दांत समजावत आलेय. काकू समोर बसल्या होत्या. माझा फ्लेक्स भिंतीला टेकवून ठेवला होता. पुढच्या महिन्यात मी गुपचूप सगळं नीट करणार होते, आणि आज लोक आले नाहीत एवढंच तर होणार होतं. एवढंच.

काका म्हणाले, "बरं." खुर्ची ओढून बसले, पिशवीतून लाल वही काढली आणि टेबलावर उघडली. जमदाडे म्हणाले, राहू द्या की हो काका, सात माणसांत कसली वही. काका म्हणाले, वही माणसं मोजून करत नाहीत.

"आज वहीवर कोण?"

कुणी उठेना. जमदाडे छताकडे बघायला लागले. काका पेनाचं टोपण काढून थांबले होते, घाई नसल्यासारखे. मग मीच उठले. उठताना मला खरंच वाटत होतं की आता मी सांगणार. आणि तोंडातून आलं ते असं की, नव्या साइटवर मी संपर्काचं बटण चुकून फोटोंच्या पानाला जोडलं होतं, दोन दिवस तसंच होतं, मग सुधारलं.

पूर्वा हसली. मी पण हसले.

काकांनी लिहून घेतलं. त्र्याऐंशी, केतकी चौगुले, संपर्काचं बटण. मग त्यांनी खालच्या ओळीवर पुढचा आकडा घातला, चौऱ्याऐंशी, त्यापुढे टिंब दिलं, आणि पेन कागदावर टेकवून ठेवलं.

"अजून काही?"

ते सगळ्यांना विचारत होते. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

"नाही काका," मी म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. वही मिटली. लॅपटॉप उघडला, पडद्यावर क्षणभर काहीतरी दिसलं, पांढऱ्या पानावरच्या काळ्या ओळी, आणि त्यांनी तो पुन्हा बंद केला.

"जे दाखवणार होतो ते आज चालत नाहीये," ते म्हणाले. "राहू दे."

"मग नुसतं तोंडानं सांगा," काकू म्हणाल्या. "एवढे दिवस आरशासमोर म्हणत होता ते."

"नुसतं सांगून काय कळायचंय. चालताना बघायची गोष्ट आहे ती."

मग भडंग वाटलं. सात जणांनी किती खाल्लं तरी डबा उतरेना. काकूंनी प्रत्येकाला बांधून दिलं, जमदाडेंना तर तासगावपर्यंत पुरेल एवढं. माझी पिशवी काकांनी स्वतः भरली, गच्च, गाठ मारून. हातात देताना म्हणाले, "पैज जिंकलीस म्हणे तू."

खाली आल्यावर सायकलचं कुलूप काढताना सानियानं विचारलं, खोटं का बोललीस? मी म्हणाले, तुला काही कळत नाही. ती म्हणाली, "मला मेसेज आला नाही एवढं कळतं." आणि ती पूर्वाच्या सायकलवर मागे बसून गेली. ते भडंग मी घरी जाऊन खाल्लं नाही. आईनं दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पोरांना देऊन टाकलं.

पुढच्या महिन्यात काका आले नाहीत. हॉलची किल्ली आणि लाल वही त्यांनी रणजीत दादाकडे पाठवून दिली होती. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, असा निरोप. रणजीत दादा मला म्हणाला, अगं, हौसेनं बोलायला उभे राहिले आणि हॉल रिकामा. त्या वयात लागतं माणसाला. लोकांना आपल्यात रस नाही असं वाटलं असणार. मी मान हलवली. नव्या साइटवरून एका फटक्यात सगळ्यांना जाईल असा मेसेज मी तोवर बसवला होता. सगळ्यांना एकच, मजकूर छान, वर कट्ट्याचं चिन्ह. त्या महिन्यात पंचावन्न माणसं आली. रणजीत दादानं माइकवरून माझं नाव घेतलं.

मग कट्टा वाढतच गेला. एका इंजिनिअरिंग कॉलेजनं एसी हॉल दिला, एका कंपनीनं चहा-नाष्टा. कंपनीची माणसं येतात त्यांच्यासमोर चुका कुठे वाचत बसायच्या, असं कुणीतरी म्हणालं आणि वही बंद झाली. कुणी विरोध केला नाही. मीही नाही. जुनं रेकॉर्ड माझ्याकडे म्हणून ती वही माझ्या कपाटात आली, स्वेटरांच्या खाली.

काकांचं घर नेमिनाथनगरला, माझ्या शाळेच्या वाटेवर. दोन वर्षं मी शंभर फुटी रस्त्यावरून वळसा घालून शाळेला जातेय. आईला सांगितलं, तिकडे रस्ता चांगला आहे. तिकडे केवढे खड्डे आहेत ते सांगलीतल्या कुणालाही विचारा.

आता मी दहावीत आहे. परवाच्या शनिवारी कट्ट्याला दहा वर्षं पूर्ण होतायत. मोठा कार्यक्रम आहे, आणि त्यात सगळ्यात लहान वयात कट्ट्याची साइट करणारी म्हणून माझा सत्कार. रणजीत दादानं काल दुपारी फोन केला की पडद्यावर दाखवायला पहिल्या वर्षांचे फोटो हवेत, तुझ्या जुन्या बांधून ठेवलेल्यात असतील, बघ. मी ते गाठोडं दोन वर्षांनी उघडलं. फोटो मिळाले. त्यांत काका होते, केस काळे, खुर्ची उचलताना. आणि फोटोंच्या खालीच ती फाइल होती.

मी कधी उघडलीच नव्हती ती. म्हणजे तिनं काय केलं असतं ते मला माहीत होतं, पण आत काय लिहिलंय ते नाही.

छान लिहिली होती. मला आता कळतं म्हणून सांगते, एक ओळ जास्तीची नव्हती. वर चार ओळींत सगळं काम, आणि खाली यादी. एकेचाळीस नावं, प्रत्येकापुढे फोन नंबर आणि त्या त्या माणसाला पाठवायचं वाक्य. एक सभा संपली की काका लगेच पुढच्या सभेची वाक्यं लिहून ठेवत असणार. यादीच्या डोक्यावर, स्वतःला आठवण राहावी म्हणून लिहितात तशी एक टीप होती.

'पहिला नंबर माझाच ठेवणे. मला आला म्हणजे सगळ्यांना गेला.'

मी ती टीप वाचली, पुन्हा वाचली, आणि मग माझ्या डोळ्यांसमोर ते टेबलापाशी उभे राहिले. चष्मा कपाळावर, फोन डोळ्यांशी, अंगठा वर-खाली. त्यांना आला नव्हता. मला विचारायच्या आधीच त्यांना माहीत होतं. आणि मी म्हणाले होते, आला की. मग त्यांनी वही काढली होती. मग आकडा घातला होता.

मी यादीत खाली खाली गेले. जमदाडे होते, 'उद्या माझा नंबर, सोपे प्रश्न विचारा.' रणजीत दादा होता. सानिया होती. सगळ्यात शेवटी, एकेचाळिसावी, मी.

'केतकी, उद्या पाच वाजता. बनवलेलं दाखवतोय. तूच विचारलं होतंस, तेव्हा पुढच्या रांगेत बस.'

मी कपाट उघडून स्वेटर खाली टाकले आणि वही काढली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्र्याऐंशीपुढे माझं बटण होतं. खाली चौऱ्याऐंशी, टिंब, आणि टिंबापुढे पेन टेकवून ठेवल्यामुळे पसरलेला शाईचा डाग. बाकी पान कोरं.

संध्याकाळी बाबा दुकानातून आले ते खांद्यावर गुंडाळी घेऊन. घरच्या हॉलभर पसरून दाखवला त्यांनी तो फ्लेक्स. आठ बाय चारचा. हाताची घडी घातलेली मी, मागे सूर्यकिरणं, खाली 'सांगलीची शान कु. केतकी चौगुले' आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून आमच्या गल्लीतले बावीस जण, त्यांत सानियाचे अब्बासुद्धा. बाबा म्हणाले, गिऱ्हाइकांची कामं थांबवून आधी हा काढला, शाई बघ कशी लागलीय. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, डोळे जरा मोठे आलेत पण छान आहे.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले.

बाबांनी टीव्हीचा आवाज घालवला. आई म्हणाली, "आर्ट्स घेणार म्हणून सांगू नकोस, बाकी काहीही सांग."

मी लाल वही घट्ट धरली होती.

"बाबा, तो फ्लेक्स लावू नका. सत्कार मी घेणार नाहीये, रणजीत दादाला तसं कळवलंय. शनिवारी मी फक्त पाच मिनिटं मागून घेतलीत, वहीवर जायला. पण ते शनिवारचं झालं. उद्या मी नेमिनाथनगरावरून शाळेला जाणार आहे, मगदूम काकांच्या घरी थांबून. सगळं सांगून होईपर्यंत निघणार नाही. उशीर होईल, तेव्हा आई, तू बाईंना चिठ्ठी लिहून ठेव."